उलट्या शिवणीचा झगा

२ फेब्रुवारी, सोमवार

आज दवाखान्यातल्या नर्सबाईंनी एक छापील तक्ता दिला. गोळी कधी दिली, उलटी झाली का, खाज कमी की जास्त, सगळं त्यात भरायचं म्हणे. एकेका दिवसाला बोटाच्या पेराएवढी चौकट. त्यात माझं काय मावणार? म्हणून ही वही काढली. दुकान बंद केलं तेव्हा उरलेली मापाची वही आहे. पहिल्या पंधरा पानांवर लोकांच्या छात्या आणि कंबरा आहेत, पुढची पानं कोरी.

तर हकिगत अशी. माझी नात नऊ वर्षांची. घरात तिला बटण म्हणतात. नाव मीच ठेवलं, जन्मली तेव्हा एवढीशी आणि गोल होती. चार वर्षांची असताना कोपरावर नाण्याएवढा लाल चट्टा उठला, वर पांढरे पापुद्रे. सोरायसिस. आता पाठ, पोट, मांड्या, डोकं, कानामागे, काही सोडलेलं नाही. सकाळी चादर झटकली की पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखं वाटतं. वर्गात तिच्या बाकावर कोणी बसत नाही. मलमं झाली, दिव्याखाली उभं करून शेक झाला, पथ्यं झाली. चट्टे जातात आणि मागच्या दारानं परत येतात.

आज डॉक्टरीणबाईंनी बटणाचाच तळहात धरून तिच्या अंगावरचे चट्टे मोजले. बावीस तळहात भरले. मोजमाप मला पटलं, आम्हीही आधी वीत लावायचो आणि मग टेप. मग त्या म्हणाल्या की आता वरून लावून भागणार नाही, पोटातून औषध द्यावं लागेल. मी शिंपी होतो हे कळल्यावर मला माझ्याच भाषेत समजावलं. अंगाची कातडी साधारण महिनाभरात नवी होते, हिची चार-पाच दिवसांत होते, म्हणजे घाईची शिलाई. टाके नीट बसत नाहीत आणि कपडा ढिगानं पडतो. ही गोळी त्या कारखान्याला सांगणार, जरा दमानं घ्या.

लेक शेजारी बसून सगळं टिपून घेत होती. ती बस डेपोत वेळापत्रकं लावते, तिच्या हातून मिनिट इकडचं तिकडे होत नाही. जावईबापू जहाजावर, सहा महिने पाण्यात. लेकीची पाळी रात्री नऊला संपते, म्हणून गोळी द्यायचं काम माझ्याकडे आलं. आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी संध्याकाळी. डॉक्टरीणबाईंनी तीनदा बजावलं की रोज दिली तर जिवावर बेतेल, आणि कार्डावर लाल शाईनं लिहिलं. ठरावीक दिवसांनी रक्त तपासायचं. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतील, तोवर चिकाटी सोडायची नाही.

मी विचारलं, मग मलमाचं काय? त्या म्हणाल्या, सगळं नीट झालं तर तासभर चोळत बसायची गरज उरणार नाही, आजोबांची सुटका होईल. मी म्हटलं, छान. येताना बसमध्ये उगीचच गप्प होतो. सकाळी खाणं जड झालं असावं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी सात ते आठ हा माझा आणि बटणाचा तास. ती स्टुलावर बसते, पाठ माझ्याकडे, तोंड भिंतीकडे. आधी कोमट तेल, पापुद्रे मऊ होईपर्यंत. मग मलम, फक्त चट्ट्यावर, चांगल्या कातडीला लागता कामा नये. डोक्याचं वेगळं, कानामागचं वेगळं. पाच वर्षांत एक दिवस चुकवलेला नाही. मला ताप होता तेव्हाही नाही.

आणि हाताबरोबर तोंड चालू. दुकानातल्या गोष्टी सांगतो. तिची आवडती म्हणजे बँडमास्तरच्या विजारीची. माझ्या वडिलांनी एकदा दोन पुडकी अदलाबदल केली. शाळेच्या हेडमास्तरांची विजार, कमरेचा घेर अठ्ठेचाळीस, ती गेली काडीपैलवान बँडमास्तरकडे, आणि त्यानं ती घाईघाईत संचलनाच्या दिवशीच घातली. एका हातात कर्णा, दुसऱ्या हातात विजार. आणि नेमकं असं गाणं आलं की दोन्ही हात लागतात. इथं पोचलो की बटणाचे खांदे हलायला लागतात. पाठीवरूनच कळतं मला पोरगी किती हसतेय ते.

ही गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली ती धाकटीला. धाकटी म्हणजे माझी बहीण. तिला हेच दुखणं आठव्या वर्षी लागलं, मी तेव्हा बारा वर्षांचा. वडील कापायला, आई काजं-बटणं करायला, कोणाचे हात मोकळे नव्हते, म्हणून मलम लावायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा डांबराचं मलम असायचं, काळंकुट्ट. दुकानामागच्या खोलीत ती स्टुलावर, मी मागे उभा, पुढे वडिलांच्या मशीनचा खडखड आवाज, तापलेल्या इस्त्रीचा आणि ओल्या कापडाचा वास, कोपऱ्यात रेडिओ पुटपुटतोय. घरभर नुकत्याच केलेल्या रस्त्यासारखा वास सुटायचा. अजूनही कुठे रस्त्याचं काम चालू दिसलं की मी थांबतो. लोकांना वाटतं म्हातारा पलीकडे जायला घाबरतोय, एखादा हात धरून नेऊनही सोडतो. मी आपला वास घेत असतो.

तिचेही खांदे असेच हलायचे. किती हसायचो आम्ही. आयुष्यात तेवढं सुख मला नंतर मिळालं नाही, हे बायको असताना बोललो नाही, आज लिहितो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिली गोळी दिली. एवढीशी पिवळी गोळी, तिला पाहून कोणी म्हणणार नाही की ही कारखान्याला दटावणार आहे. बटणानं पाण्याबरोबर गिळली आणि आरशात पाहून आली. म्हणाली, काही झालं नाही. मी म्हटलं, सरकारी काम आहे, वेळ लागतो.

७ फेब्रुवारी, शनिवार

सकाळपासून पोरीला मळमळतंय. दोनदा उलटी. भिंतीला टेकून बसली होती, डोळे एवढाले. लेकीनं डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या असं होतं, घाबरू नका, मधल्या दिवसांत द्यायला दुसरी गोळी दिली आहे तिनं कमी होईल. माझा जीव मात्र खालीवर. चट्टे परवडले होते निदान, त्यांनी उलटी तरी करवली नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज बटणासाठी नवा झगा बेतला. उलट्या शिवणीचा. हे माझं खास काम, कोणत्याही शिंप्याला विचारा, तो म्हणेल वेडेपणा आहे. शिवण अंगाकडे न ठेवता बाहेर काढायची, म्हणजे चट्ट्यावर घासत नाही. बाह्या मनगटापर्यंत, गळा बंद, कापड सुती आणि धुऊन धुऊन मऊ झालेलं. बाहेरून शिवण दिसते ती पट्टी लावून झाकायची, लोकांना वाटतं नक्षी आहे.

हा झगा मी तेराव्या वर्षी शोधून काढला. धाकटी शाळेतून आली की झगा काढून फेकायची, शिवणीनं सोलून निघायची. मी वडिलांची नजर चुकवून तिचा झगा उसवला आणि उलटा शिवला. वडिलांनी कान पिळला, मग झगा हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट केला आणि पट्टी कापून दिली. माझं शिंपीपण त्या दिवसापासून सुरू झालं. नंतर सूट शिवले, लग्नाचे कोट शिवले, पण हात असा पुन्हा चालला नाही.

६ मार्च, शुक्रवार

उद्या बटणाला वर्गातल्या एका मुलीनं वाढदिवसाला बोलावलंय. चार वर्षांच्या शाळेत हे पहिलं बोलावणं. पोरगी आठ दिवस त्याच एका गोष्टीवर. संध्याकाळी गोळी काढली तर तिचे डोळे भरले. उद्या तिथं उलटी झाली तर परत कोणी बोलावणार नाही, म्हणाली. खरंच आहे.

नाही दिली. एक आठवडा इकडेतिकडे झाल्यानं काही आभाळ कोसळत नाही. तक्त्याच्या चौकटीत बरोबरची खूण केली, नाहीतर लेक वेळापत्रक घेऊन बसली असती. बटणाला सांगितलं, हे आपल्या दोघांत. ती वाढदिवसाला जाणार म्हणून इतकी खुशीत होती की मान डोलावून पळाली.

७ मार्च, शनिवार

वाढदिवस छान झाला. पूर्ण बाह्यांचा झगा घालून गेली होती, कोणी चट्ट्यांचं काही विचारलं नाही. सगळ्या मुलींनी तो झगा कुठून आणला ते विचारलं म्हणे. मी दिवसभर फुशारकीत.

२७ मार्च, शुक्रवार

मधल्या दोन शुक्रवारी गोळी दिली. दोन्ही शनिवारी मळमळ, पण उलटी नाही. उद्या शाळेची सहल आहे. तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी गोळी बाटलीत परत टाकली. खूण केली.

एक गोष्ट मात्र खरी, औषधाला गुण आहे. मांडीवरचे दोन चट्टे फिके पडलेत, पाठीवर बोट फिरवलं की पूर्वीसारखं खरखरीत लागत नाही.

३ एप्रिल, शुक्रवार

आजकाल मलम अर्ध्या तासात संपतं. काल तर वीस मिनिटांतच पाठ झाली. बँडमास्तर अजून विजार चढवत होता तोवर बटण म्हणाली, झालं ना आजोबा, आणि उठून गेली. गल्लीत मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या. मी तेलकट हातानं तसाच बसून राहिलो. वाटीत तेल उरलं होतं, ते बाटलीत परत ओतलं.

ह्या वेळी उद्याचा काही कार्यक्रम नव्हता. बटणानं स्वतःच विचारलं, आजोबा, आज शुक्रवार ना? मी म्हटलं, आज सुट्टी. लहान जिवाचं पोट आहे, त्यालाही विसावा नको का?  खूण केली. आज खूण जरा वाकडी आली, चष्मा बदलायला हवा.

१३ एप्रिल, सोमवार

दवाखाना. रक्त अगदी चांगलं आलंय, त्याची काळजी नाही. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तळहात लावून मोजलं. अठरा भरले. त्यांच्या कपाळाला आठी पडली. तक्ता हातात घेऊन वरून खाली बोट फिरवलं, सगळ्या खुणा हजर. म्हणाल्या, इतकं नियमित घेऊनही एवढाच फरक, म्हणजे हा डोस हिला पुरत नाही. येत्या शुक्रवारपासून वाढवू या, आणि नाहीच भागलं तर पुढे इंजेक्शनांचा विचार करू. लेकीनं लगेच लिहून घेतलं. वाढवल्यावर रक्त पुन्हा लवकर तपासावं लागेल, यकृतावर लक्ष ठेवावं लागेल.

 बटण माझ्याकडे पाहत होती. मी कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडे पाहत राहिलो.

सांगायला हवं होतं. तिथल्या तिथं. तोंड उघडलंही होतं, पण लेक म्हणाली, बाबांनी एक शुक्रवार चुकवला नाही हो डॉक्टर, आणि ते इतक्या कौतुकानं म्हणाली की मी तोंड पुन्हा मिटलं.

१५ एप्रिल, बुधवार

दोन दिवस डोक्यात एकच भुंगा. माझ्या तीन खोट्या खुणांमुळे पोरीच्या पोटात जास्त औषध जाणार. पण लेकीला सांगितलं तर ती माझं तोंड बघणार नाही. आज दुपारी घर रिकामं होतं, धाकटीला फोन लावला.

धाकटी दुसऱ्या गावी एकटी राहते. अडतीस वर्षं टेलिफोन खात्यात नोकरी केली, तिथं लोकांना नुसता तिचा आवाज भेटायचा. लग्न केलं नाही. का, असं विचारलं की म्हणते, वेळच मिळाला नाही. अजूनही उन्हाळ्यात पूर्ण बाह्या घालते. आम्ही महिन्यातून एकदा बोलतो, तब्येत, हवा, कोण गेलं, कोण राहिलं.

मला गोळीचं सांगायचं होतं, पण सुरुवात जुन्या दिवसांनी केली. म्हटलं, मागच्या खोलीतल्या संध्याकाळी आठवतात का तुला? मी बटणाला तसंच मलम लावतो, त्याच गोष्टी सांगतो. वाटलं, ती हसेल, बँडमास्तरचं नाव काढेल.

ती म्हणाली, "आठवतात तर. समोरच्या भिंतीवर खिळे होते. एकोणचाळीस. मी मोजत बसायचे."

मी म्हटलं, हो, वडील त्यांना कपड्यांचे कागदी बेत अडकवायचे. मग तिनं बटणाच्या नव्या गोळीबद्दल सगळं विचारून घेतलं. किती दिवसांत उतरतं, डोक्यातलंही जातं का, मुली शाळेत काय म्हणतात. टेलिफोनवाली बाई, एक शब्द सोडत नाही. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "दादा, तेव्हा अशी गोळी असती तर तू मला दिली असतीस ना रे?"

मी म्हटलं, वेडी आहेस का, हे काय विचारणं झालं? आणि फोन ठेवला.

ठेवला आणि तिथंच खुर्चीत बसलो. वाढदिवसाला दिली नाही, ते तिच्या रडण्यामुळे. सहलीला दिली नाही, तेही एक वेळ समजू. पण तिसऱ्या शुक्रवारी कोण रडत होतं? पोरगी तर मागत होती. वीस मिनिटांत उठून गेली म्हणून मी गोळी बाटलीत टाकली. हे मी लिहितोय आणि माझाच हात मला परका वाटतोय. धाकटीलाही मी दिली नसती की काय?

१६ एप्रिल, गुरुवार

लेक दुपारी डेपोला निघायच्या आधी तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि सगळं सांगितलं. तिन्ही शुक्रवार, तिन्ही खुणा. तिसऱ्याचं कारणही सांगितलं. ते सांगताना भाजीच्या सुरीकडे बघत होतो.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. उठली, तक्ता आणला, ज्या चौकटी मी सांगितल्या त्यांवर फुली मारली आणि बाजूला छोट्या अक्षरात लिहिलं, दिली नाही. मग म्हणाली, "बाबा, मी डेपोत अख्ख्या गावाच्या गाड्या सोडते, कोणावर विश्वास टाकत नाही. घरात एका माणसावर टाकला होता." आणि गोळीची बाटली पर्समध्ये टाकून निघून गेली.

जेवलो नाही. कोणाला दाखवायला नाही, भूकच मेली होती.

१७ एप्रिल, शुक्रवार

लेकीनं काल फोन केला होता, आज डॉक्टरीणबाईंनी मलाच बोलावून घेतलं. रागावल्या नाहीत. असं अनेक घरांत होतं, लेकराला मळमळताना बघवत नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, मळमळीमुळे दोनदाच, एकदा माझ्यामुळे. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या की डोस वाढवायचा नाही, आहे तोच नेमानं द्यायचा आणि आजपासून नव्यानं मोजायचं. मळमळीसाठी वेगळी गोळी दिली. शेवटी एवढंच म्हणाल्या, "आजोबा, तक्ता खोटा असला तर मी डोळे बांधून औषध देते."

संध्याकाळी लेक तासभराची सवलत काढून घरी आली, स्वतःच्या हातानं गोळी दिली आणि परत कामावर गेली. पुढचे सगळे शुक्रवार ती असंच करणार आहे. मी दारात उभा होतो. कोणी मला बाजूला हो म्हटलं नाही, कोणी ये पण म्हटलं नाही.

१५ मे, शुक्रवार

चार शुक्रवार सरळ गेले. नव्या गोळीनं मळमळ आटोक्यात आहे. लेक माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. मीठ कुठं आहे, पाणी आलं का. मलमाला आता दहा मिनिटं पुरतात. मी गोष्ट सुरू करत नाही, अर्ध्यात राहते.

१२ जून, शुक्रवार

दवाखान्यात मोजलं, तीन तळहात. डोकं स्वच्छ. पाठीवर आता नुसते फिके डाग आहेत, सावलीसारखे, तेही जातील म्हणे. अजून बरेच महिने गोळी चालू ठेवायची, रक्त तपासत राहायचं, नंतर हळूहळू कमी करायची. परत येणारच नाही असं कोणी सांगू शकत नाही, पण आलं तर काय करायचं ते आता माहीत आहे. लेक तिथंच खुर्चीत बसून रडली. मग रुमाल विसरली म्हणून माझा मागितला. दोन महिन्यांत तिनं माझ्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू.

संध्याकाळी गोळी द्यायची वेळ झाली तेव्हा लेकीनं बाटली माझ्यापुढे ठेवली आणि स्वतः समोर हाताची घडी घालून उभी राहिली. मी गोळी दिली. तक्ता तिनंच भरला. पुढच्या शुक्रवारपासून मी भरायचा आहे, ती फक्त तपासणार आहे.

२८ जून, रविवार

बटणानं कापड आणलं. स्वतः निवडलं, पिवळं. बिनबाह्यांचा झगा हवा. गळा मोकळा. मी सवयीनं शिवण बाहेर धरून टाचण्या लावायला लागलो तर तिनं हात धरला. "आजोबा, सगळ्यांसारखा शिव ना. शिवण आत."

हात अडखळला. तिच्यासाठी शिवण आत टाकायची म्हणजे कापड डाव्या हाताला फिरवायचं, पाच वर्षांत ते केलं नव्हतं. शेवटी झालं. घालून आली, दोन्ही हात वर करून गर्रकन फिरली आणि खाली पळाली. टोचत नाही का, असं मी वरून विचारलं, तोवर ती गल्लीच्या टोकाला.

संध्याकाळी सात वाजले. स्टूल तिथंच आहे. मी त्यावर झाडाची कुंडी ठेवली.

४ जुलै, शनिवार

काल सात वाजता बटण आली, कुंडी खाली ठेवली आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. म्हणाली, विजारीची गोष्ट सांग, पूर्ण, मलमाशिवाय. मी म्हटलं, आता कशाला? म्हणाली, शेवट कधी ऐकूच आला नाही.

सांगायला लागलो आणि गडबडलो. इतकी वर्षं मी पाठीला गोष्ट सांगितलेली. तोंड समोर असलं की हात कुठं ठेवायचे तेच कळेना. पण बँडमास्तर संचलनात शिरला तसा रंग भरला, मी त्याच्यासारखे गाल फुगवले, आणि बटण म्हणाली, आजोबा, तू नेहमी असं तोंड करायचास?  मलाच माहीत नव्हतं.

मग ती हसली. पहिल्यांदा बघत होतो. डोळे मिटून हसते, नाकाला सुरकुत्या पडतात, आणि आवाज अजिबात येत नाही. आणि खांदे हलत नाहीत. मी टक लावून पाहिलं. विजार सुटली, हेडमास्तर ओरडले, पोरीच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी खांदे जागच्या जागी.

मी विचारलं, तेव्हा तुझे खांदे हलायचे ते?

ती डोळे पुसत म्हणाली, "ते चुरचुरायचं ना. मी दात दाबून धरायचे. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही." मग म्हणाली, "आत्याआजी हसायची का रे ह्या गोष्टीला?"

मी म्हटलं, माहीत नाही. माझ्याकडे तिची पाठ असायची.

आज दुपारी फोन लावला. धाकटीला म्हटलं, मी काही सांगणार नाही, तू सांग, त्या संध्याकाळी तुला काय वाटायचं? ती आधी म्हणाली, इतक्या वर्षांनी काय खूळ घेतलंस. मग म्हणाली, "तो उलट्या शिवणीचा झगा मात्र अंगाला लागायचा नाही हं. फाटेपर्यंत घातला मी." आणि मग बाकीचं सांगायला लागली. डांबर किती झोंबायचं, आणि शाळेतल्या पोरी तिला काय नावानं हाक मारायच्या. खिळे संपले की ती पुन्हा पहिल्यापासून मोजायची. पाऊण तास बोलली. मी मध्ये बोललो नाही.

शेवटी तिनं विचारलं, त्या डॉक्टरीणबाई म्हाताऱ्या माणसांना बघतात का. मी म्हटलं, विचारतो. बुधवारची गाडी सकाळी दहाला पोचते, लेकीनं वेळ काढून दिली आहे. मी धाकटीला उतरवून घ्यायला जाणार आहे.